कोणाचो रे तू? फोनवरच्या गोतावळ्यात नव्याने शिरणाऱ्यांसाठी

आमच्या वाडीत अनोळखी माणूस आला तर आधी त्याला गूळपाणी देतात, आणि मग विचारतात, "कोणाचो रे तू?" त्याने बापाचं नाव सांगितलं की आजोबांचं विचारतात. मग घर कुठलं, देवळाच्या वरच्या अंगाचं की खालच्या. पाच मिनिटांत बिचाऱ्याची सगळी कुंडली खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडली जाते. मुंबईची मुलं या चौकशीला वैतागतात, पण या एका प्रश्नामुळे भामटा माणूस वाडीत दोन दिवससुद्धा टिकत नाही.

फोनवरच्या गोतावळ्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. फोटो बघितला, नाव वाचलं, झाली ओळख. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जे जे घोळ झाले, त्यातले निम्मे तरी इथूनच सुरू झालेले मी बघितले आहेत.

मी देवगड तालुक्यातली. हापूसची थोडी कलमं आहेत, एप्रिल-मेमध्ये पेट्या जातात. बाकी वर्षभर कोकमाची सोलं, आगळ आणि कुळथाची पिठी विकते. गेली नऊ वर्षं वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन आहे. हे पद मला लायकीने मिळालेलं नाही. ग्रुप करायच्या दिवशी भाचीच्या हाताला माझा फोन लागला, एवढंच. निवृत्त होऊन गावी परतलेले चाकरमानी, पहिल्यांदा स्मार्टफोन घेतलेल्या मावश्या, घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या सुना असे सगळे येऊन मला तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी घराची आखणी

नवा फोन आला की माणसं पहिल्यांदा स्वतःचा फोटो लावतात. त्याआधी पंधरा मिनिटं सेटिंग्जमध्ये घालवा. आमच्यासारखी रेंजची बोंब असेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाऊन करा, खाली वाडीत अर्ध्यावर गोल फिरत राहतं.

आपल्या घराला खळं असतं, पडवी असते, माजघर असतं. खळ्यात कोणीही येऊन उभा राहतो, पडवीत ओळखीचा बसतो, माजघरात घरचाच जातो. फोनमध्येही अशीच आखणी करायची. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' उघडा. तिथे प्रोफाइल फोटो, 'लास्ट सीन', स्टेटस कुणाला दिसावं हे एकेक करून ठरवता येतं. 'सर्वांना' असेल तिथे 'माझे कॉन्टॅक्ट्स' करा. त्याच पानावर 'ग्रुप्स' असं लिहिलेलं आहे, म्हणजे तुम्हाला कुणी ग्रुपात ओढावं. तेही बदला. ही सोय २०१९ साली आली, तरी ती माहीत असलेली माणसं आमच्या वाडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नाहीतर सकाळी उठल्यावर कळतं की आपण रात्रीतून 'शेअर मार्केट गुरुकुल'चे विद्यार्थी झालो.

मग 'अकाउंट'मध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा. सहा आकडी पिन तुम्हीच ठरवायचा. लग्नाची तारीख नको, ती सगळ्या गावाला पाठ असते. फेसबुकवर आपली मित्रयादी इतरांपासून लपवा आणि 'प्रोफाइल लॉक' लावा. मित्रयादी का लपवायची? तर तुमचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं उघडणारा माणूस त्या यादीवरूनच तुमच्या मावसभावाला गाठतो आणि लिहितो, "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव, संध्याकाळी देतो."

एक गोष्ट मात्र पाटीवर लिहून फोनच्या वर टांगा. फोनवर येणारा सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही. चोर असा कोड अनोळखी नंबरावरून मागतच नाही. तो तुमच्या ओळखीच्या काकांच्या नंबरावरून मागतो, कारण काकांचं खातं त्याने कालच पळवलेलं असतं. "अगो, माझो कोड चुकान तुझ्याकडे इलो, जरा पाठव" असं गोड मालवणीतसुद्धा येऊ शकतं. नंबर ओळखीचा आहे म्हणून पलीकडे बसलेला माणूस ओळखीचाच असेल असं समजू नका. काकांना साधा फोन करा, आवाज ऐका.

फोटो-व्हिडिओ आपोआप उतरून घेणं बंद करा. नाहीतर तीन महिन्यांत फोन गुलाबाच्या फुलांनी भरतो आणि आंब्याच्या गिऱ्हाइकाचा पत्ता उतरवायला जागा उरत नाही.

शिरलात की आठ दिवस गप्प

नव्या सुनेने सासरी पहिल्या आठवड्यात काय करावं, हे कुणी पुस्तकात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. डोळे उघडे आणि हात कामात. ग्रुपात शिरल्यावर तसंच करा. कोण प्रश्नाला उत्तर देतो, कोण नुसताच पुढे ढकलतो, कोण चिडका आहे, कोणाच्या विनोदाला कोणी हसत नाही, हे आठ दिवसांत कळतं. ॲडमिनने वर टाचून ठेवलेले नियम असतील तर वाचा. माझे नियम ग्रुपातल्या ३११ जणांपैकी किती जणांनी वाचलेत, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

गट अनेक तऱ्हेचे. वाडीचा, शाळेच्या बॅचचा, बचत गटाचा, रेल्वेवाल्यांचा, मालवणी बोलीचा, मासळीच्या दराचा, खरेदी-विक्रीचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात १०२४ माणसं मावतात आणि तुमचा नंबर त्या सगळ्यांना दिसतो, हे शिरतानाच लक्षात असू द्या. फेसबुकच्या गटात नंबर दिसत नाही, पण माणसं हजारोंनी असतात आणि निम्म्यांची नावं सिंह, वाघ, 'कोकणचो राजा' अशी असतात. बायकांनी अनोळखी मोठ्या गटांत शिरताना फेसबुकचा रस्ता धरावा, व्हॉट्सॲप वाडीपुरतं आणि गिऱ्हाइकांपुरतं ठेवावं, असं माझं मत. भाची म्हणते आत्ये, तू फार जुनाट आहेस. असेन.

सुख कुठे आहे

खड्डे पुढे दाखवणारच आहे, पण आधी बरं ते सांगते, कारण घाबरून फोन कपाटात ठेवणाऱ्या माणसांची मला जास्त कीव येते.

माझा भाचा दुबईत असतो. आमच्या देवळातली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तो तिथून थेट बघतो आणि मध्येच ग्रुपावर लिहितो, "बुवांका आज गळो बसलो काय?" इथे मंडपात बसलेल्या माणसाच्या आधी त्याला कळलेलं असतं. दशावताराचं नाटक रात्री साडेअकराला उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई ते आता घोंगडी पांघरून फोनवर बघतात. संकासुर आला की अजून फोनला हात जोडतात.

मालवणी बोलीच्या एका गटात कुणीतरी सहज विचारलं होतं, पावसाळ्यात पाठीवर घ्यायच्या त्या इरल्याचे भाग कोणकोणते आणि त्यांना काय काय म्हणतात. दोनशेच्या वर उत्तरं आली. वेंगुर्ल्याचा शब्द वेगळा, कणकवलीचा वेगळा. भांडणं झाली, पण ती गोड भांडणं. शाळेत "नीट मराठी बोल" म्हणून ज्या बोलीसाठी आम्ही छड्या खाल्ल्या, तीच बोली लोक हौसेने लिहीत होते. माझी एक शेजारीण कोल्हापूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा इथलं एकही माणूस तिच्या चवीचं नव्हतं. ती एका स्वयंपाकाच्या गटात शिरवाळे आणि खापरोळ्या शिकली आणि बदल्यात तिथल्या बायकांना तांबडा रस्सा शिकवला. आता गणपतीत तिच्या पंक्तीला आम्ही जातो.

आंब्याचं तर विचारूच नका. पूर्वी आमचा माल दलालाकडे जायचा आणि पट्टी कधी येईल ती येईल. आता पुण्यातली चाळीस-पंचेचाळीस घरं थेट माझ्याकडून पेट्या घेतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक नेमके प्रश्न विचारायला लागलं आहे. कुठलं कलम, पिकायला आढीत किती दिवस, साका निघाला, म्हणजे फळ आतून खराब निघालं, तर काय. मी एकदा साका निघालेल्या फळाचा फोटो स्वतःच ग्रुपावर टाकला आणि पुढच्या वर्षी तेवढी फळं जास्त देईन असं लिहिलं. घरच्यांनी वेड्यात काढलं. त्या वर्षी एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

रेल्वेवाल्यांचे गट गणपतीच्या आधी दोन महिने जागे होतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जुनं गणित सांगणारे महाभाग अजून भेटतात, त्यांना तिथे कोणीतरी लगेच दुरुस्त करतं. कोणती गणपती स्पेशल कुठे थांबते, तुतारी एक्सप्रेस किती उशिरा आहे, कणकवलीला रात्री रिक्षा मिळेल का, हे सगळं मिळतं. फक्त तिकीट मिळाल्याच्या आनंदात तिकिटाचा फोटो टाकू नका. त्यावर पीएनआर, वय, नाव सगळं असतं. मग "तुमचं तिकीट रद्द झालंय, परतावा देतो" म्हणून फोन येतो आणि बोलणाऱ्याला तुमचा डबासुद्धा माहीत असतो.

जाता जाता एक सांगते. माझ्या थोरल्या भावाने ऑर्कुटवर कोकणच्या एका मंडळीत जुन्या घरांचे शेकड्यांनी फोटो टाकले होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. फोटो काढून घ्यायचे भावाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यातली दोन घरं आता जमिनीवर नाहीत. आपली चीजवस्तू आपल्याकडे वेगळी ठेवत जा.

लिहिताना

बोलताना आपण हेल काढतो, हसतो, खांद्यावर हात ठेवतो. लिहिताना त्यातलं काही जात नाही. आमच्याकडे "मेल्या, खंय उलाथलंस?" (कुठे गायब झालास?) हे प्रेमाचं वाक्य आहे, तेच ग्रुपावर वाचून ठाण्याची एक जावई मंडळी महिनाभर रुसली होती. सगळ्यांसमोर लिहिताना प्रमाण मराठीत आणि थोडं नरम लिहा. चेष्टा ज्याची त्याला वेगळी पाठवा.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे मरणाची बातमी. आमच्या वाडीत एकदा एका म्हाताऱ्या काकांना हार्ट अटॅक आला, गेले. शेजारच्या मुलाने घाईने ग्रुपावर लिहिलं, फोटो लावला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. काकांचा मुलगा तेव्हा परळला कामावर होता. त्याला बाप गेल्याचं ग्रुपावरून कळलं, आणि तेही बावीस हात जोडलेले बघून. पूर्वी अशा वेळी एक समजूतदार माणूस पाठवायचे, तो आधी पाणी मागायचा, मग हळूहळू सांगायचा. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. घरातल्या माणसाने स्वतः लिहिल्याशिवाय मरणाची बातमी कुणी टाकायची नाही. आणि ती आली की त्या दिवशी वाढदिवसाचे केक बंद. दुसरं, नुसता अंगठा पाठवू नका. बातमी कसलीही असो, अंगठा दाबणारे काही जण आहेत. त्यातल्या एकाने बाराव्याच्या निरोपालाही अंगठा दाखवला.

भांडणं होणारच. शिमगा जवळ आला, पालखी कुणाच्या खळ्यात आधी, मान कुणाचा, मुंबई मंडळाने पाठवलेल्या वर्गणीचा हिशेब कुठे, असं सुरू झालं की रात्री अकरानंतर ग्रुप पेटतो. अकरानंतरच का, हे जाणकारांनी ओळखावं. अशा वेळी उत्तर लिहा, पण पाठवू नका. सकाळी चहा पिऊन पुन्हा वाचा. पाठवलंच असेल तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो आणि दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो, ते वेगळं. मानपानाचे वाद मी ग्रुपावर होऊच देत नाही. ते देवळात, माणसं समोरासमोर बसलेली असताना होऊ द्यावेत. समोर बसलेल्या माणसाला आपण इतकं घाण बोलत नाही.

पुढे ढकलण्याआधी

मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. तिथे फोनच तुम्हाला सांगत असतो, बाई, जरा थांब.

तारीख बघा. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा महापूर आला तेव्हा याच ग्रुपांनी किती माणसांपर्यंत पाणी, औषधं, होड्या पोचवल्या. पण त्यातले "अमुक इमारतीच्या गच्चीवर बारा माणसं अडकली आहेत" असे मेसेज, माणसं सुखरूप खाली उतरल्यावरही फिरत राहिले, कारण त्यांवर तारीख-वेळ नव्हती. मदत मागताना जागा, तारीख, वेळ आणि एक चालू नंबर लिहा, आणि काम झालं की "झालं" असंही लिहा. दरवर्षी पहिल्या पावसात कुठलातरी जुना पूर 'आत्ताचा' म्हणून येतो. व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या वाचा, माणसांचे कपडे बघा. आमच्या एका पोराने असाच एक 'मालवणचा' व्हिडिओ पकडला, पाटीवर मल्याळम होतं.

वादळ-पावसाचं हवामान खात्याकडून घ्या. लाल इशारा म्हणजे साधारणपणे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस, हा आकडा ध्यानात ठेवला की 'आभाळ फाटणार' वाल्या मेसेजची धग कमी होते. उधाणाच्या लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. होडीवाल्यांच्या घरात ते माहीत असतंच. आणि हेही सांगते, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेले, ग्रुप मुका झाला. त्याआधी रायगड-दापोलीकडच्या लोकांनी जून २०२० मध्ये निसर्ग वादळात हेच भोगलं. मुंबईतल्या मुलांना तेव्हा आईबापाचा आवाज ऐकायला दिवस-दिवस लागले. म्हणून महत्त्वाचे दहा नंबर वहीत, शाईने लिहिलेले हवेत.

औषधपाण्याचे मेसेज मी सरळ पुसते, रुसवे झाले तरी. विंचू चावला की कांदा घासा, मीठ लावा, लिंबू पिळा असं कायम येतं. आपल्याच कोकणात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्य घालवून दाखवलं की लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाची साधी गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं हाताशी असताना आपण कांदा घासायचा? सापाचंही तसंच. साप ओळखून देणारे फेसबुकवरचे गट चांगले आहेत, मी स्वतः दिवड आणि फुरसं यांतला फरक तिथे शिकले. पण चावल्यावर फोटो टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, ती दवाखान्यात असते, आणि दवाखाना घाटी उतरून लांब असतो. आधी गाडी काढा.

आता एक जड गोष्ट. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावाने तीन माणसांना मारून टाकलं. दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक. त्याआधी त्या भागात चोर फिरतात, मुलं पळवणारे फिरतात अशा अफवा दिवसेंदिवस पसरत होत्या. मला राहून राहून वाटतं की "कोणाचो रे तू?" हाच प्रश्न तिथेही विचारला गेला असणार, पण उत्तर ऐकायला कोणी थांबलं नसणार. अनोळखी माणसाचा फोटो लावून "सावधान" असं लिहिलेला मेसेज माझ्या ग्रुपावर आला की मी तो पुसते आणि टाकणाऱ्याला फोन करते. संशय असेल तर ११२ वर पोलिसांना सांगा, त्यांचं काम आहे ते.

कायद्याचंही थोडं. पालघरमध्येच नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुण मुलींना अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. ज्या ६६-अ कलमाची त्यातून देशभर चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणून रान मोकळं झालं असं समजू नका. समाजात तेढ वाढवणं आणि अफवा पसरवणं यांसाठी भारतीय न्याय संहितेत १९६ आणि ३५३ ही कलमं आहेत. ॲडमिनांना मात्र थोडा दिलासा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी, संगनमत नसेल तर, ॲडमिनवर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. तो निकाल वाचला त्या रात्री मी नीट झोपले.

पैसे आले की सावध

२०२३ चा हंगाम. एका खरेदी-विक्रीच्या गटात माझी जाहिरात बघून 'लष्करातल्या साहेबांचा' फोन आला. वीस पेट्या, कॅन्टीनसाठी. ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला. भाव कमी करा असं एकदाही म्हणाले नाहीत. तिथेच मी ओळखायला हवं होतं. भाव न करता आंबा घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मग म्हणाले, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन करा, पाच रुपये टाका, दहा येतील. खरंच दहा आले. मग दुसरा चौकोन आला. मी पिन टाकला, माझ्याच बोटांनी. ४,८०० रुपये गेले. लाजेपायी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून पसार झाले.

त्यातून शिकलेलं एवढंच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन विचारला म्हणजे तुमच्याकडून जाताहेत. गेलेच तर लाज गुंडाळून त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची आशा जास्त.

लग्नपत्रिका म्हणून किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली फाइल जर 'एपीके'ने संपत असेल तर उघडू नका. पत्रिका फोटोत येते, ॲप होऊन येत नाही. गुंतवणुकीचे टेलिग्राम गट, घरबसल्या लाइक करून पैसे, यांवर मी शाई घालवणार नाही. 'डिजिटल अटक' नावाची अटक आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेल्याचा फोन कापा. पर्यटकांनीही ध्यानात ठेवावं की आमच्या भागातल्या घरांचे फोटो चोरून खोटी पानं उघडली जातात. आगाऊ रक्कम देण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि घरमालकिणीला सांगा, काकी, जरा विहीर दाखवा. खऱ्या घराची बाई विहीर दाखवता दाखवता माडसुद्धा मोजून दाखवते.

फोटो, कुलूप, पोरं

"चाललो मुंबईक, गणपतीक भेटू" असं कुलूप लावलेल्या दाराच्या फोटोसकट टाकणारे लोक आहेत. वाडीत अर्धी घरं बंद, त्यात आपलं कुठलं हे चोराला बोट दाखवून सांगू नका. परत आल्यावर टाका फोटो. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो ग्रुपावर कधीच नकोत. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारून.

मुलींना आणि मुलांनाही हे एकदा जवळ बसवून सांगा. अनोळखी व्हिडिओ कॉल उचलून कुणी घाणेरडं रेकॉर्डिंग करून धमकावलं, तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही. स्क्रीनशॉट ठेवायचा, ब्लॉक करायचं, घरी सांगायचं, १९३० ला सांगायचं. आणि घरच्यांनी त्या वेळी आधी ओरडायचं नाही. आमच्या ओळखीतला एक पोरगा बापाच्या भीतीने तीन आठवडे कुणाशी बोलला नव्हता.

सोडायचं कसं

एखादा गट नकोसा झाला तर आधी म्यूट करा. आठ तास, आठवडा किंवा कायमचा आवाज बंद करता येतो. तरी त्रास होत असेल तर सोडा. २०२२ पासून गुपचूप सोडता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते. आणि ॲडमिनला, मी सांगते, काही वाटत नाही. मी स्वतः जेवताना आणि दिवेलागणीला फोन माडाच्या पोकळीत... म्हणजे पूर्वी खरंच ठेवायचे, आता फळीवर ठेवते.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला, "ताई, वाडीच्या ग्रुपात घ्या." फोटोत गॉगल. मी लिहिलं, "कोणाचो रे तू?" बराच वेळ काही आलं नाही. मग आलं की आजोबा गिरणीत होते, घर पिंपळाजवळचं, आता पडलंय, फक्त चौथरा आहे; चौथऱ्यावर रामफळाचं झाड आहे असं बाबा सांगायचे, अजून आहे का? मी संध्याकाळी जाऊन बघितलं. होतं. फोटो काढून पाठवला आणि त्याला ग्रुपात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याने गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकलं.